मिरजेत घडवलेला केल्टिक क्रूस: दगडाचे काम उत्तम, माहितीपत्रक सदोष

मिरज आणि सांगली यांच्यामधल्या रस्त्यालगत कबरींचे दगड, नामफलक, देवळांच्या पायऱ्या आणि पुतळ्यांचे चौथरे घडवणाऱ्या ज्या कार्यशाळा आहेत, त्यांपैकी एकीकडून आमच्या कुटुंबाने माझ्या दिवंगत आत्यासाठी केल्टिक पद्धतीचा क्रूस करून घेतला. लांब उभा दांडा, त्याहून आखूड आडवा दांडा, आणि दोन्ही जिथे एकमेकांना छेदतात तिथे चारही बाहूंना जोडणारे दगडी वलय, अशी त्याची घडण असते. क्रूस दफनभूमीत उभा राहून त्यावरून एक पावसाळाही गेला आहे, त्यामुळे आता त्याबद्दल जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते. दगडाचे काम पहिल्या प्रतीचे आहे आणि त्यासाठी या कार्यशाळेची शिफारस मी निःसंकोचपणे करते; मात्र नमुना निवडताना ग्राहकाच्या हाती जे माहितीपत्रक दिले जाते ते विश्वास ठेवण्याजोगे नाही, आणि आपल्या माणसाच्या कबरीवर नेमके काय उभे राहते आहे याची ज्यांना पर्वा आहे त्यांनी ते वाचून निर्णय घेऊ नये.

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत सुरू केलेल्या मिशन रुग्णालयात आत्याने परिचारिका म्हणून आयुष्यभर सेवा केली. तिच्या पवित्र शास्त्राच्या प्रतीत आयर्लंडमधील एका दगडी क्रुसाचे छोटे चित्र कायम असे, म्हणून तिच्यासाठी हाच आकार करावा असे घरात सर्वांनी ठरवले. आमच्याकडील बहुतेक ख्रिस्ती कबरींवर साधा क्रूस किंवा उघड्या पुस्तकाच्या आकाराची शिळा असते. वलयाचा क्रूस क्वचितच मागितला जातो. तरीही या कार्यशाळेच्या पत्रकात तो नमुना होता, आणि त्याखाली अर्धे पान भरून मजकूरही होता.

त्या मजकुरात चार विधाने ठामपणे केलेली आहेत. हे चिन्ह पाच हजार वर्षांपूर्वीच्या ड्रुइड, म्हणजे युरोपातल्या प्राचीन केल्ट लोकांच्या, पुरोहितांचे सूर्यचिन्ह आहे. आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्माचा प्रसार करणारे संत पॅट्रिक यांनी सूर्यपूजकांना त्या धर्माकडे वळवण्यासाठी क्रुसावर सूर्य बसवला. चार बाहू म्हणजे चार ऋतू. आणि आयरिश लोक प्राचीन काळापासून आपल्या मृतांच्या कबरींवर हा क्रूस उभारत आले आहेत. यांपैकी एकही विधान निर्विवाद सत्य म्हणून छापण्याच्या योग्यतेचे नाही, आणि शेवटचे तर सरळ चुकीचे आहे.

संत पॅट्रिक यांच्या कथेपासून सुरुवात करू, कारण ती सर्वांत लोकप्रिय आहे आणि ऐकताक्षणी पटते. पॅट्रिक पाचव्या शतकातले. त्यांनी स्वतः लॅटिनमध्ये लिहिलेले आत्मनिवेदन आज उपलब्ध आहे आणि त्याच्या अखेरीस सूर्याचा उल्लेखही आहे. आपण पाहतो तो सूर्य देवाच्या आज्ञेने रोज उगवतो, परंतु तो कधीही राज्य करणार नाही, त्याची उपासना करणारे दुर्दैवी ठरतील, आणि आपण मात्र ख्रिस्त या खऱ्या सूर्याची उपासना करतो, असा त्याचा आशय आहे. ख्रिस्ताला खरा सूर्य म्हणणारा हा उतारा पाहून कोणालाही वाटेल की वलयाचा उगम इथेच सापडला. तथापि क्रुसावर वलय बसवल्याचा एक शब्दही त्यात नाही, सूर्यपूजेशी तडजोड करण्याचा सूर तर मुळीच नाही, आणि वलय असलेले मोठे दगडी क्रूस उभे राहू लागले ते साधारण आठव्या शतकात, म्हणजे पॅट्रिक यांच्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी. पॅट्रिक यांनी सूर्य आणि क्रूस एकत्र आणले ही नंतरच्या काळातली आख्यायिका आहे, आणि आख्यायिका म्हणूनच ती सांगितली जावी.

सूर्यचिन्हाचा तर्क मात्र अगदीच निराधार म्हणता येत नाही. चार आऱ्यांच्या चाकाची आकृती युरोपात कांस्ययुगापासून आढळते, प्राचीन गॉलमध्ये, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समध्ये, चाकाच्या लहान धातूच्या प्रतिकृती देवाला अर्पण केल्या जात, आणि डेन्मार्कमध्ये सापडलेल्या गुंडेस्ट्रुप येथील चांदीच्या पात्रावर चाक आणि देवता एकत्र कोरलेली आहेत. अडचण अशी की त्या चाकांपासून आयर्लंडच्या मठांमधील क्रुसांपर्यंतच्या दीर्घ काळात एकातून दुसरे कसे आले हे दाखवणारी साखळी कोणालाही जोडता आलेली नाही. दोन आकृत्या एकमेकींसारख्या दिसतात एवढ्यावरून त्यांचे नाते सिद्ध होत नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या गावोगावच्या वीरगळांचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. वीरगळाच्या वरच्या चौकटीत सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात, आणि ते सूर्यचंद्रच आहेत हे आपण खात्रीने सांगतो, कारण चंद्रसूर्य असेपर्यंत ही कीर्ती किंवा हे दान टिकावे असे आपल्याकडच्या शिलालेखांतून आणि ताम्रपटांतून स्पष्ट लिहिलेले आहे. आयर्लंडमधल्या वलयाला असा लेखी आधार नाही. तिथल्या काही क्रुसांवर लेख आहेत, परंतु ते प्रार्थनेची विनंती करणारे आहेत. वलय म्हणजे काय हे त्यांत सांगितलेले नाही.

वीरगळाचा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक साम्य सांगते, कारण त्यामुळे मला स्वतःला हे क्रूस वाचता येऊ लागले. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाशी मृत वीर किंवा लढाई, मग अप्सरांसह स्वर्गारोहण, आणि वर शिवलिंगाची पूजा. आयर्लंडच्या लाउथ परगण्यात मोनास्टरबॉइस येथे मुरेडाखचा क्रूस म्हणून ओळखला जाणारा सुमारे साडेपाच मीटर उंचीचा वालुकाश्माचा क्रूस आहे, त्याच्या पश्चिमेकडील बाजूवरील चौकटीही खालून वर पाहत गेल्यास येशूच्या अटकेपासून, येशू पुन्हा उठला यावर शिष्य थोमाने घेतलेल्या शंकेवरून आणि पेत्र-पौलाला किल्ली व ग्रंथ देण्याच्या प्रसंगावरून वलयाच्या मध्यभागी असलेल्या वधस्तंभापर्यंत पोहोचतात. दुसऱ्या बाजूला त्याच जागी शेवटचा न्याय आहे, आणि त्याखाली आत्म्यांचे वजन तराजूत होत आहे. म्हणजे वलयाच्या मध्यावर एकीकडे ख्रिस्ताचे मरण आणि दुसरीकडे त्याचे न्यायासनावरचे राज्य अशी मांडणी आहे. ज्याने हे आखले त्याच्या मनात ऋतुचक्र होते असे मानायला ही शिल्पे तरी वाव देत नाहीत.

आता कार्यशाळेकडे वळते, कारण वलयाबद्दलचा दुसरा महत्त्वाचा तर्क मला पुस्तकाआधी तिथल्या वयस्कर मिस्त्रींकडून ऐकायला मिळाला. खर्च कमी करण्यासाठी वलय दगडातून आरपार न कोरता नुसते उठावात दाखवावे का, किंवा पूर्णच गाळावे का, असे माझ्या भावाने विचारले, तेव्हा ते म्हणाले, "ताई, तुमचा नमुना बारीक कमरेचा आहे. ही कडी काढली तर हात गाडीतच तुटतील." आमच्या नमुन्यात बाहू छेदापाशी आत खोलगट कोरून निमुळते केले होते, त्यामुळे नेमक्या त्याच जागी दगड सर्वांत कमकुवत होतो, आणि खालची दोन चापाकृती अंगे बाहूंना टेकू देतात. मिस्त्रींनी हे कागदावर बोट ठेवून दाखवले.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आयोना बेटावर, जिथे संत कोलंबा यांनी ५६३ मध्ये मठ स्थापन केला, तिथल्या संत जॉन यांच्या क्रुसाबाबत अभ्यासकांनी हेच म्हटलेले आहे. आठव्या शतकातल्या त्या क्रुसाच्या बाहूंचा पसारा दोन मीटरहून अधिक आहे, आणि सुतार लाकूड जोडतो त्या पद्धतीने खुंटी व खाच काढून त्याचे वेगवेगळे दगड एकमेकांत बसवलेले आहेत. बाहू आपल्याच वजनाने निकामी होऊ लागल्यावर आधारासाठी वलयाचे तुकडे मागाहून बसवले गेले आणि पुढे तीच घडण रूढ झाली, असा हा तर्क आहे. मूळ क्रूस पुढेही कोसळत राहिला. आता तो तिथल्या संग्रहालयात आहे आणि बाहेर १९७० मध्ये उभी केलेली काँक्रीटची प्रतिकृती आहे.

हा तर्क मला फार आवडतो, कारण त्यात हाताने काम करणाऱ्याची बुद्धी दिसते. परंतु तोही एकटा पुरेसा नाही. सपाट शिळांवर नुसत्या उठावात कोरलेले वलयाचे क्रूसही आढळतात, आणि शिळेवरच्या आकृतीला टेकूची गरज नसते. शिवाय क्रुसाभोवती वलय दाखवण्याची रीत आयोनापेक्षा जुनी आहे. चौथ्या शतकाच्या मध्यातल्या रोममधल्या एका दगडी शवपेटीवर, जी आज व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे, रिकाम्या क्रुसाच्या माथ्यावर विजयाची पर्णमाला आहे, तिच्या आत ख्रिस्ताच्या नावाची ग्रीक आद्याक्षरे गुंफलेली आहेत, आणि खाली पहारेकरी बसलेले आहेत. विजयी सेनानीला घालायची माला मृत्यूवर विजय मिळवणाऱ्याला घातली, हा त्याचा अर्थ सरळ आहे. इजिप्तमधल्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांच्या विणलेल्या कापडांवरही वर्तुळाने वेढलेला क्रूस आढळतो, आणि तिथल्या मठांची परंपरा आयर्लंडच्या मठवासीयांना आदर्शवत होती, म्हणून काही अभ्यासक वलयाचा माग तिकडे काढतात. या सगळ्याच्या जोडीला वलय म्हणजे ख्रिस्ताभोवतीचे तेजोवलय किंवा त्याच्या सत्तेखालचे विश्व, हेही वाचन आहे. माझे स्वतःचे मत विजयमालेच्या बाजूचे आहे: कल्पना रोमकडून आली असावी, आणि दगडात ती टिकली याचे एक कारण ती बाहूंना आधार देते हे असावे. हे मत आहे, निर्णय नव्हे, आणि पत्रकातही नेमका हाच फरक ठेवायला हवा होता.

पत्रकातील चौथे विधान, म्हणजे प्राचीन कबरींचे, इतके सहज खोडता येते की ते तपासले कसे गेले नाही याचे आश्चर्य वाटते. आठव्या ते बाराव्या शतकातले आयर्लंडचे उंच क्रूस सामान्यतः कोणाच्या कबरीवरचे दगड नव्हते. ते मठांच्या आवारात प्रार्थनेसाठी, उपदेशासाठी आणि पवित्र भूमीची हद्द दाखवण्यासाठी उभारलेले होते. क्लोनमॅक्नॉइस येथील प्रसिद्ध क्रुसावर राजा फ्लान याचे नाव आहे, आणि मुरेडाखच्या क्रुसावर तो घडवून घेणाऱ्या मुरेडाखसाठी प्रार्थना करा अशी विनंती आहे. हा मुरेडाख म्हणजे ९२३ मध्ये वारलेला तिथला मठाधिपती असावा असे मानले जाते. कबरींवर या आकाराची लाट आली ती एकोणिसाव्या शतकात. १८५३ च्या डब्लिनमधील औद्योगिक प्रदर्शनात जुन्या क्रुसांचे साचे मांडले गेले, १८५७ मध्ये हेन्री ओ'नील यांनी त्यांच्या रेखाचित्रांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आयरिश अस्मितेची जाणीव वाढत होतीच, आणि पाहता पाहता दफनभूमी या क्रुसांनी भरून गेल्या. तिथून ही पद्धत ब्रिटन, अमेरिका आणि ब्रिटिशांच्या वसाहतींमध्ये गेली. आत्याच्या कबरीवरचा क्रूस या अर्थाने पाच हजार नव्हे, तर जेमतेम पावणेदोनशे वर्षांच्या परंपरेतला आहे, आणि त्यामुळे त्याचे मोल तसूभरही कमी होत नाही.

एक सूचना मात्र पत्रकात हवी होती आणि ती नाही. चारही बाहू सारख्या लांबीचे असलेली, वलयात बसवलेली या क्रुसाची आखूड आकृती विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतल्या वंशद्वेषी संघटनांनी आपली निशाणी केली. लांब दांड्याचा, नक्षीचा ख्रिस्ती क्रूस त्यापासून स्पष्टपणे वेगळा आहे आणि त्याबाबत कोणी मनात किंतू आणण्याचे कारण नाही, पण पत्रकाच्या मागील बाजूस तीच आखूड आकृती शोभेखातर छापलेली पाहून मला वाईट वाटले.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. आम्ही साडेचार फूट उंचीचा क्रूस कर्नाटकातून येणाऱ्या काळ्या ग्रॅनाइटमध्ये करवून घेतला. मोनास्टरबॉइसचा दगड वालुकाश्म असल्याने तिथल्या शिल्पींना माणसांच्या दाढ्यामिशा आणि वस्त्रांच्या चुण्यांपर्यंत जाता आले. ग्रॅनाइट असे लाड पुरवत नाही. किल्डेअर परगण्यातील मून येथील क्रूस ग्रॅनाइटचा आहे आणि म्हणूनच त्याच्या पायथ्याशी असलेले बारा प्रेषित चौकोनी अंगाचे, मोठ्या डोक्यांचे, चार-चारच्या तीन ओळींत उभे केलेले आहेत, आणि त्या साधेपणातच त्यांचे सौंदर्य आहे. मी या क्रुसाचे छायाचित्र दाखवल्यावर मिस्त्रींनी लगेच सल्ला दिला की आकृत्या नकोत, फक्त गुंफणीची नक्षी घ्यावी आणि तिचे पट्टे रुंद ठेवावेत. त्यांचा हा सल्ला अत्यंत योग्य ठरला. मधल्या पट्ट्याला पॉलिश न करता दगड खरखरीत ठेवला आहे, आणि कडांना तेवढे पॉलिश आहे, त्यामुळे दुपारच्या उन्हातही नक्षी स्पष्ट दिसते.

गुंफणीच्या नक्षीचा नियम असा की प्रत्येक पट्टा एकदा दुसऱ्याच्या वरून आणि पुढच्या छेदाला खालून गेला पाहिजे, आणि तो कुठेही मध्येच संपता कामा नये. संगणकावर केलेल्या पहिल्या आराखड्यात अर्धी नक्षी काढून ती आरशातल्या प्रतिबिंबाप्रमाणे उलटवून जोडलेली होती. अशा जोडणीने बाह्य आकार बरोबर जुळतो, पण सांध्यावर तोच पट्टा लागोपाठ दोन छेदांना वरून जातो आणि विणीचा क्रम मोडतो. ही नक्षी उलटवायची नसते, अर्धा फेरा फिरवून जोडायची असते. मी हे पूर्ण आकाराच्या कागदी आराखड्यावर खडूने दाखवल्यावर त्यांनी कोणतेही आढेवेढे न घेता, जादा पैसे न मागता आराखडा बदलला. हा क्रूस करवून घेणाऱ्या प्रत्येकाने पूर्ण आकाराचा आराखडा मागावा आणि एकेका पट्ट्यावरून बोट फिरवून पाहावे. दगड कापल्यावर सुधारणेला जागा उरत नाही.

वलय आणि बाहू यांच्यामधली चार छिद्रे हा या कामाचा सर्वांत अवघड भाग. ती आधी ड्रिलने पाडली आणि नंतर टाकी व ग्राइंडरने हाताने आकारात आणली. छिद्राच्या आत बोट घालून पाहिल्यास कुठेही धार लागत नाही, आणि खालच्या दोन छिद्रांचा तळ दोन्ही बाजूंना किंचित उतरता ठेवलेला आहे, ज्यामुळे पाणी आणि पालापाचोळा साचत नाही. हे आम्ही सांगितलेले नव्हते. पावसाळ्यात शेजारच्या जुन्या कबरींच्या खोबणींत शेवाळ धरले, आमच्या क्रुसाच्या त्या जागा स्वच्छ राहिल्या.

अक्षरे देवनागरीत, दगडात खोल कोरलेली आणि रंग न भरलेली अशी घेतली. सोनेरी रंगाचा आग्रह तिथे सर्वांनाच केला जातो, पण आम्ही नको म्हटल्यावर त्यांनी तो सोडून दिला. अक्षरांचा दर नगावर असतो आणि जोडाक्षर एकच धरले जाते, हे आधी विचारून घेतलेले बरे.

साध्या क्रुसाच्या मानाने खर्च जवळपास दुप्पट आला. त्यातला मोठा भाग छिद्रांच्या हातकामाचा आणि वाया जाणाऱ्या दगडाचा आहे, आणि काम पाहिल्यावर तो मला वाजवी वाटला. सांगितलेल्या मुदतीपेक्षा काम लांबले, परंतु प्रत्येक वेळी कारण आपणहून कळवले गेले.

पत्रकाबद्दल मी मालकांशी सविस्तर बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि तो मजकूर इंटरनेटवरून घेतल्याचे मान्य केले. नव्या छपाईत उगमाबाबत मतभेद आहेत एवढे तरी लिहावे, आणि मागची आखूड आकृती काढावी, अशी विनंती मी लेखी दिली आहे. हे लिहीपर्यंत तरी जुनेच पत्रक दिले जात आहे, त्यामुळे या कामाला दगडासाठी पूर्ण गुण देतानाच माहितीसाठी मी काहीही गुण देऊ शकत नाही.

ज्यांना असा क्रूस उभारायचा आहे त्यांच्यासाठी जागेविषयीची एक गोष्ट महत्त्वाची आहे. मिरज आणि सांगली भागातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि वलयाच्या क्रुसाचे बरेचसे वजन वरच्या भागात असल्याने चौथरा जरासा खचला तरी तो साध्या शिळेपेक्षा लवकर कलतो. पाया मुरुमापर्यंत नेऊन चौथरा उन्हाळ्यातच बांधून घ्यावा, आणि क्रुसाच्या तळाची खुंटी चौथऱ्यातल्या खाचेत बसवताना ती पोलादी गजाने आतून जोडली जात आहे हे स्वतः उभे राहून पाहावे. कार्यशाळा हे काम करून देते, पण त्याचे पैसे मूळ दरपत्रकात धरलेले नसतात.